कुस्ती लागायच्या आधी ठरलेला नियम

कुस्तीचे नियम बदलावेत की नाही, हा वाद आता आमच्या भागातल्या प्रत्येक यात्रेत निघतो. पौषात यमाईची यात्रा भरली, रथ निघाला, की औंधला मैदान होतं आणि मैदान म्हटलं की वाद आलाच. जुने वस्ताद म्हणतात, निकाली कुस्ती हीच खरी कुस्ती, पाठ लागल्याशिवाय जिंकलं-हरलं म्हणायचं नाही. तरुण पोरं म्हणतात, जग गादीवर गेलं, गुण मोजायला लागलं, आम्ही अजून सूर्य बुडायची वाट बघत बसायचं का? मी औंध भागात शाळेत शारीरिक शिक्षण शिकवलं, आणि यात्रा-जत्रांच्या मैदानांत पंच म्हणून उभा राहिलो. दोन्ही बाजूंचं म्हणणं मी कुस्तीच्या हौदात उभा राहून ऐकलेलं आहे. या प्रश्नाचं उत्तर मला औंधच्याच इतिहासात सापडतं, म्हणून तो इतिहास आधी सांगतो.

औंध संस्थान नकाशावर सलग नव्हतंच. औंध आणि आजूबाजूची गावं आज साताऱ्यात, आटपाडी आणि कुंडल आज सांगलीत, आणि गुणदाळचा तुकडा विजापूरकडे. पाचशे चौरस मैलांचं हे विखुरलेलं राज्य 1909 साली भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधींच्या हाती आलं. हा राजा चित्रकार होता, कीर्तनकार होता, आणि शरीराच्या बाबतीत फार काटेकोर होता. तरुणपणी त्यांनी सँडोची पद्धत अवलंबली, यंत्रं आणि पुस्तकं मागवून वर्षानुवर्षं तो व्यायाम केला. मग मिरजेच्या राजांच्या सांगण्यावरून ते सूर्यनमस्काराकडे वळले.

नमस्कार काही त्यांनी शोधून काढला नाही. सूर्याला साष्टांग घालण्याची रीत घराघरात होती, तालमीतही होती. पण एकाचा नमस्कार दुसऱ्याशी जुळत नसे. बाळासाहेबांनी त्याचे दहा टप्पे ठरवले, श्वास कुठे घ्यायचा, कुठे सोडायचा, गुडघा कुठे टेकायचा, हे ठरवलं. बीजमंत्र तसेच ठेवले. मग ते सगळं मराठीत लिहून काढलं, आणि 1938 साली लंडनमध्ये लुईस मॉर्गन या पत्रकार बाईंच्या संपादनाखाली त्याचं इंग्रजी पुस्तकही निघालं. संस्थानच्या शाळांत नमस्कार सक्तीचे झाले. मुलींनाही. राणीसाहेबही नमस्कार घालत. ज्या काळात बायकांनी व्यायाम करावा हेच अनेकांना पटत नव्हतं, त्या काळातली ही गोष्ट आहे.

मी शाळेत मुलांना नमस्कार शिकवायचो तेव्हा एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसायची. टप्पे लिहिलेले असले की साधा मुलगाही दुसऱ्याची चूक दाखवू शकतो. "अरे, तुझा गुडघा वर राहिला," असं सातवीतलं पोर मोठ्या मुलाला बिनदिक्कत सांगतं. लिहिलेला नियम लहानाच्या हातात बळ देतो. कागदावर नसलेला नियम मोठ्याच्या, म्हणजे ज्याचा आवाज मोठा त्याच्या, मर्जीवर चालतो.

याच राजानं पुढं त्याहून धाडसाचं काम केलं. चिरंजीव आप्पासाहेब पंत आणि मॉरिस फ्रीडमन यांच्या आग्रहानं, गांधीजींचा सल्ला घेऊन, जानेवारी 1939 मध्ये औंधला स्वराज्याची घटना लागू झाली. गावानं पंचायत निवडायची, पंचायतींमधून तालुका, तालुक्यांमधून विधिमंडळ, आणि राजाचा खर्च ठरावीक रकमेत बांधलेला. राजानं स्वतःच्याच अधिकारांवर लेखी मर्यादा घालून घेतली. त्याच सुमारास आटपाडीजवळ स्वतंत्रपूरला कैद्यांची भिंतीविना वसाहत उभी राहिली. व्ही. शांताराम यांच्या 'दो आँखें बारह हाथ' या 1957 च्या चित्रपटामागं तोच प्रयोग होता. व्यायाम असो, राज्य असो की तुरुंग, औंधची रीत एकच दिसते. परंपरेतलं मोलाचं धरून ठेवायचं, बाकीचं बदलायचं, आणि बदल लिहून सगळ्यांपुढं ठेवायचा.

आता कुस्तीकडे येतो. आमच्या मातीतल्या कुस्तीचे नियम बोटांवर मोजण्याइतके. जोड लागते, सलामी होते, खडाखडी होते. प्रतिस्पर्ध्याची पाठ जमिनीला लावायची, अस्मान दाखवायचं. जांग्याला धरता येतं, लंगोटाची पकड चालते. वेळेचं बंधन नाही. कडेला गेले तर पंच मध्यभागी आणून पुन्हा लावतो. लहान पोरांच्या रेवडीवरच्या कुस्तीपासून पहिल्या नंबरच्या इनामापर्यंत नियम हेच.

या साधेपणात मोठी ताकद आहे. खेड्यातल्या म्हातारीलाही कळतं कोण जिंकलं. ज्यानं वर्षभर जोर-बैठका काढल्या, पहाटे मेहनत केली, त्याचा दम मैदानात उपयोगी पडतो. ताक, तेल, हळद आणि कापूर घालून मळलेली लाल माती मऊ असते, पाय रुततो, त्यामुळे इथं चपळाईपेक्षा ताबा महत्त्वाचा. घिस्सा, स्वारी, घुटना हे डाव खाली धरून, हळूहळू, समोरच्याला थकवत मारायचे. त्यांना वेळ लागतो. घड्याळ लावलं की हे डाव मरतात, असं जुने वस्ताद म्हणतात. ते खोटं नाही.

पण वेळेचं बंधन नसलं की काय होतं, याचा जगात गाजलेला दाखला आमच्याच कुस्तीचा आहे. 10 सप्टेंबर 1910 ला लंडनमध्ये गामा पैलवान पोलंडच्या स्टानिस्लाव्स झबिस्कोशी लढला. गामाचा जोर कळल्यावर झबिस्को पालथा पडला आणि पडूनच राहिला. अडीच तासांहून जास्त वेळ गेला, कुस्ती बरोबरीत सुटली. पुढच्या आठवड्यात पुन्हा कुस्ती ठरली तेव्हा झबिस्को आलाच नाही, आणि पट्टा गामाला मिळाला. 1928 साली पतियाळ्यात हेच दोघे पुन्हा भिडले. गामानं मिनिटाच्या आत त्याला चीत केलं. झबिस्कोनं लंडनमध्ये नियम मोडला नव्हता. नियमात जी फट होती, तिच्यात तो लपला. न लढणाऱ्याला शिक्षा नसेल, तर न लढणं हाच एक डाव होऊन बसतो.

गामाच्या लंडनच्या कुस्तीनंतर जवळपास चाळीस वर्षांनी आमच्याच जिल्ह्यातला एक पैलवान लंडनला गेला. खाशाबा जाधव, कराडजवळच्या गोळेश्वरचे. 1948 च्या ऑलिंपिकला ते गेले तेव्हा गादीवर लढायची सवय नव्हती, आणि गादीचे नियमही अंगवळणी पडलेले नव्हते. तरी फ्लायवेट गटात ते सहावे आले. पायाखालची माती गेली, लंगोटाची पकड गेली, घड्याळ आलं, तरी सहावे! चार वर्षांनी हेलसिंकीला जायचं तर पैसे नव्हते. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. 1952 ला बँटमवेट गटात खाशाबांनी कांस्यपदक मिळवलं. स्वतंत्र भारताचं हे पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. ढाक हा त्यांचा हातखंडा डाव, तो मातीतूनच गेला होता. गोळेश्वरच्या लोकांनी शंभरावर बैलगाड्या घेऊन त्यांची मिरवणूक काढली, आणि ते घरी आल्यावर कुस्त्यांची मैदानं भरवून खर्डेकरांचं कर्ज फेडायला लागले.

हेलसिंकीची एक गोष्ट कुस्तीच्या लोकांत सांगितली जाते. दोन कुस्त्यांमध्ये नियमानं मिळायला हवी होती ती विश्रांती खाशाबांना मिळाली नाही, आणि भारताकडून हरकत घ्यायला तिथं कुणी नव्हतं. मला त्यात कुस्तीच्या डावाइतकीच मोठी शिकवण दिसते. नियम माहीत असणं आणि तो ठामपणे मांडणारा माणूस जवळ असणं, हेही पैलवानाच्या तयारीत धरलं पाहिजे.

मातीतल्या पोरांना गादी जमत नाही, हा समज पुढच्या दहा वर्षांत मोडला. 1962 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत सांगलीजवळच्या कवठेपिरानच्या मारुती मानेंनी आणि शिराळा तालुक्यातल्या पुनवतच्या गणपतराव आंदळकरांनी पदकं आणली, दोघांनी एकेक सुवर्ण आणि एकेक रौप्य. आंदळकर 1960 ला हिंदकेसरी झाले होते, माने 1964 ला झाले. मातीतला दम आणि गादीवरची चाल एकाच माणसात असू शकते, हे या दोघांनी दाखवून दिलं. त्याच सुमाराला, 1961 पासून, महाराष्ट्र केसरी सुरू झाली. पहिला मान सांगलीच्या दिनकर दह्यारींना मिळाला. आज तिथं माती विभाग आणि गादी विभाग वेगवेगळे चालतात, आणि दोन्हींतले विजेते शेवटी एकमेकांपुढं उभे राहतात. दोन नियमांचे दोन पैलवान आणि एक गदा, ही महाराष्ट्रानं काढलेली तडजोड आहे.

गादीचे नियमही काही दगडावर कोरलेले नाहीत. 2005 नंतर आंतरराष्ट्रीय कुस्तीत दोन-दोन मिनिटांच्या तीन फेऱ्या आणल्या गेल्या. ज्यानं दोन फेऱ्या जिंकल्या तो विजयी. फेरीत गुणच झाला नाही तर रंगीत चेंडूची सोडत काढून एकाला दुसऱ्याचा पाय धरायला द्यायचे. मेहनत वर्षांची आणि निकाल चेंडूच्या रंगावर! प्रेक्षक कंटाळले. फेब्रुवारी 2013 मध्ये ऑलिंपिक समितीच्या कार्यकारी मंडळानं 2020 पासून कुस्ती वगळायची शिफारस केली. मग मे महिन्यात आंतरराष्ट्रीय कुस्ती महासंघानं नियम बदलले. तीन-तीन मिनिटांचे दोन भाग, गुण सलग धरायचे, सोडत बंद. जो लढत नाही त्याला आधी ताकीद, मग तीस सेकंद, आणि त्या तीस सेकंदांत कुणीच गुण केला नाही तर समोरच्याला एक गुण. त्याच सप्टेंबरात कुस्ती पुन्हा ऑलिंपिकमध्ये आली. म्हणजे 1910 ला झबिस्को ज्या फटीत लपला, ती बुजवायचं काम शंभर वर्षांनंतरही चालूच होतं.

आपल्या बाजूचे इतर खेळही याच वाटेनं गेले. हुतूतूत गावोगाव संजीवनी, गामिनी, अमर असे वेगवेगळे प्रकार होते. शेजारच्या गावाशी खेळायचं तर आधी कुठल्या रीतीनं खेळायचं यावरच भांडण. ते एकत्र करून कबड्डीचे नियम लिहिले गेले, म्हणून हा खेळ 1990 ला बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत पोचू शकला. परदेशातही हेच दिसतं. आयर्लंडमध्ये हर्लिंग नावाचा काठी-चेंडूचा जुना खेळ आहे. 1884 ला त्यांची संघटना झाली तेव्हा एका बाजूला एकवीस खेळाडू असत, 1913 पर्यंत ते पंधरावर आले. आज तिथंही चेंडू फार दूर जातो, हातानं दिलेला पास नीट दिसत नाही, म्हणून नियम बदलावेत की नाही यावर तंटा चालू आहे. जिवंत खेळात हा तंटा असतोच.

आता मी स्वतः पाहिलेली एक कुस्ती सांगतो. गावाचं नाव घेत नाही. यात्रेच्या मैदानात पहिल्या नंबरची कुस्ती उशिरा लागली. दोन्ही पैलवान तयारीचे. मी पंच होतो. खडाखडीतच बराच वेळ गेला. त्यातला एक जण अंगानं जरा हलका होता. तो समोरच्याला ढकलू देत होता, दम राखून होता, डोळे शांत. दुसरा जोर लावून दमत चालला होता, छाती भात्यासारखी हलायला लागली होती, हे मला हातभरावरून दिसत होतं. एकदा खाली गेले. पाठ लागली का हे बघायला मी मातीवर गाल टेकून आडवा झालो, खांद्याखाली हात घातला. बाहेरच्या माणसाला वाटतं, पाठीला माती लागली म्हणजे झालं. पण सलामीलाच पैलवान एकमेकांच्या अंगाला माती चोळतात, त्यामुळे मातीच्या डागावरून काही कळत नाही. दोन्ही खांदे एका वेळी टेकले का, हे पंचानं डोळ्यांनीच बघायचं असतं. एक खांदा वर होता. मी हात हलवून नाही म्हणालो.

तेवढ्यात यात्रा कमिटीनं ध्वनिक्षेपकावरून सांगितलं, अंधार पडतोय, कुस्ती बरोबरीत. इनाम निम्मं-निम्मं. हलगी थांबली. हलक्या पैलवानाचा वस्ताद माझ्याकडे आला. आवाज चढवला नाही. म्हणाला, "सर, बरोबरीत सोडवायची होती तर जोड लावतानाच सांगायचं होतं. पोरानं दम कशासाठी राखला होता?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण त्याचं म्हणणं बरोबर होतं. वेळेचं बंधन आहे असं आधी कळलं असतं, तर तो पोरगा वेगळा लढला असता. पहिल्या दहा मिनिटांत पट काढला असता, ढाक मारून बघितला असता. वेळेच्या बंधनानं त्याचं काहीच बिघडवलं नसतं. मध्येच बंधन आणल्यानं मात्र त्याची मेहनत वाया गेली. मैदानात असं नेहमी होतं. कधी अंधार, कधी पाऊस, कधी मोठा पाहुणा निघायच्या घाईत, आणि नियम तिथल्या तिथं बदलतो.

गादीवर नियम आधी लिहिलेला असतो, पण निकालाचा पुरावा सगळ्यांना दिसला नाही तर वाद तिथंही सुटत नाही. एप्रिल 2022 मध्ये साताऱ्यात झालेल्या महाराष्ट्र केसरीच्या अंतिम कुस्तीत कोल्हापूरचे पृथ्वीराज पाटील पाच-चार अशा फरकानं जिंकले. एका गुणाचा फरक, पण कुणाच्या मनात किंतु राहिला नाही, कारण गुण फलकावर सगळ्यांना दिसत होते. फेब्रुवारी 2025 मध्ये अहिल्यानगरच्या स्पर्धेत मात्र पाठ टेकली की नाही यावर मोठा वाद पेटला. दोन्ही वेळी खेळ एकच होता, नियमही एकच. जिथं पुरावा सगळ्यांसमोर होता तिथं हरणाऱ्यानं हार मानली, जिथं नव्हता तिथं राग उसळला.

म्हणून मला जे सांगायचं आहे ते हे: मातीतल्या कुस्तीचे नियम बदलले पाहिजेत. पण काय ठेवायचं हे आधी ठरवून, आणि सलामीच्या आधी लिहून.

ठेवायचं काय? निकाल. पहिली वीस मिनिटं फक्त निकाली कुस्ती व्हावी, चीतपट हाच विजय. जांग्याची पकड राहू द्यावी, कारण ती काढली तर निम्मे डाव जातात आणि मग माती आणि गादी यांत फरकच उरत नाही. दमाच्या पैलवानाला त्याचा दम दाखवायला वीस मिनिटं पुरेशी आहेत.

बदलायचं काय? वीस मिनिटांनंतर गुणांवर कुस्ती, पाच मिनिटांची, घड्याळ सगळ्यांना दिसेल असं. लढायचं टाळणाऱ्याला ताकीद आणि मग समोरच्याला गुण. बरोबरी ठेवायचीच नाही. काही मैदानांत असं काही-बाही चालू झालेलं आहे, पण दर गावाला वेगळं, आणि बऱ्याचदा निवेदकाच्या तोंडी. तिथंच खोट आहे. सातारा आणि सांगलीच्या यात्रा कमिट्यांनी एकच कागद तयार करावा. जोड लावताना दोन्ही वस्तादांच्या सह्या घ्याव्यात. तो कागद हौदाजवळ चिकटवावा, जिथं रेवडीच्या कुस्तीला आलेलं पोरही वाचेल. दोन पंच, आणि पाठ लागली का हे बघायला दोन बाजूंनी मोबाईलचं चित्रीकरण, एवढं आज कुठल्याही गावाला परवडतं.

आणि त्या कागदात मुलींच्या कुस्त्याही लिहाव्यात. मार्च 2023 मध्ये सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली, आणि गदा सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीनं जिंकली. ज्या औंधच्या राजानं शाळेत मुलींना नमस्कार घालायला लावले, त्याच्या गावच्या मैदानात मुलींची जोड ही शोभेची म्हणून एखादी लागावी, हे मला मान्य नाही. वजनगट, वेळ, इनाम, सगळं मुलांच्या बरोबरीनं लिहिलेलं असावं.

हे केलं तर परंपरा मोडेल असं म्हणणाऱ्या वस्तादांना मी मान देतो. त्यांच्यामुळे तालमी जिवंत राहिल्या. पण त्यांना एवढंच सांगेन की बाळासाहेबांनी नमस्काराचे टप्पे ठरवले म्हणून मंत्र गेला नाही, आणि अधिकार लेखी बांधून घेतले म्हणून त्यांचा मान कमी झाला नाही, वाढला. 1948 ला खाशाबा परक्यांच्या नियमाखाली लढायला गेले, कारण आपले नियम लिहून जगापुढं ठेवणारं कुणी नव्हतं. आज कुंडलच्या मैदानाची कीर्ती महाराष्ट्रभर आहे, औंधची यात्रा आहे, आटपाडीकडे तालमी आहेत. एकेकाळी एकाच संस्थानात असलेल्या या तिन्ही ठिकाणच्या पंचांनी आणि वस्तादांनी पुढच्या पौषाआधी एकत्र बसावं आणि तो एक कागद लिहावा. मी त्या बैठकीला येणार आहे, आणि माझ्या सहीला जे काही मोल असेल ते त्या कागदाला देणार आहे.